मैनेच्या हिरड्यांवरची हळद

घोड्यांच्या सलोत्री डॉक्टरांनी ओल्या फडक्यानं माझ्या घोडीच्या हिरड्या पुसल्या, पुन्हा पुसल्या आणि फडकं माझ्यापुढे धरलं. ते पांढरंच होतं. "ही हळद नाही," ते म्हणाले. "कावीळ आहे."

दसऱ्याला जव्हारात घोड्यांची पूजा होते. आंघोळ, झूल, तोंडाला हळदकुंकू. संस्थानच्या पागेतल्या घोड्यांबरोबर माझी मैनाही पुजली गेली. नंतर ती चंदीला तोंड लावेना, तेव्हा मिरवणुकीचा शीण म्हणून आम्ही सोडून दिलं. डोळ्यांच्या कडा, ओठांची आतली बाजू पिवळी दिसे. घोड्यांची निगा राखणारा पागेचा मोतद्दार राघो म्हणे, नवरीची हळद अजून उतरली नाही. मीही हसायचो.

मी संस्थानचा देवी डॉक्टर, म्हणजे पाड्यापाड्यांवर जाऊन पोरांना देवीची लस टोचणारा. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. खोडाळ्यापासून सूर्यमाळेपर्यंतच्या चढणीला सोबत मैनेचीच. तिच्याशी बोलत जायचो. लोक हसतात, हसू देत.

पागेची घोडी तपासायला बाहेरगावचे हे डॉक्टर नेमके तेव्हा आले, हे आमचं नशीब. कानातला रक्ताचा थेंब काचेवर घेऊन त्यांनी यंत्रातून पाहिला आणि नाव सांगितलं, बिलिअरी फीवर. गोचीड रक्त पिता पिता रक्तात बारीक जंतू सोडते, ते रक्ताचे तांबडे कण फोडतात, म्हणून ताप, म्हणून कावीळ. मैनेची लघवी काताच्या पाण्यासारखी होत होती, ती त्यामुळेच. त्यांनी शेपूट उचलून दाखवलं. एरंडाच्या बियांएवढ्या फुगलेल्या गोचिडी होत्या. पाड्यावर गुरांच्या गोठ्यात तिला बांधायची आमची रीतच.

औषध होतं ट्रिपान ब्ल्यू, गडद निळं. ते मानेच्या शिरेत टोचायचं. "घोडी हलली आणि औषध शिरेबाहेर गेलं तर तिथलं मांस सडेल," डॉक्टर म्हणाले. "आणि उशीर झालाय. लागू पडेलच असं मी सांगत नाही."

आयांना मी नेहमी सांगायचो, काही होत नाही, मुंगी चावल्यासारखं. मैनेचं तोंड छातीशी धरून उभा राहिलो, सुई मानेशी आली आणि ते वाक्य काही तोंडातून निघेना. ती मात्र हलली नाही.

मग पागेच्या ओट्यावर नुसतं बसणं. तिच्या पिवळ्या हिरड्या निळसर झाल्या आणि माझा धीर सुटला. औषधाचाच रंग तो, असं डॉक्टरांनी समजावलं. ताप उतरायला लागला, लघवी निवळली. एका सकाळी तिनं राघोच्या हातची नागलीची पेज चाटून पुसून संपवली, तेव्हा राघो तिच्याकडे पाठ करून उगाच खरारा शोधत राहिला.

ज्यांच्या दारात घोडं आहे त्यांना सांगतो. पावसाळा सरताना रोज कानात, आयाळीखाली, शेपटीखाली, जांघेत हात फिरवा. गुरांत बांधू नका. आणि हळद लावा, जरूर लावा, पण दुसऱ्या दिवशी धुऊन हिरड्या बघा.

डॉक्टरांनी थंडीभर चढण बंद ठेवायला सांगितली होती. होळीनंतर मैनेवरून सूर्यमाळेला गेलो. आम्हाला पाहून बाया टोचणीच्या भीतीनं पोरांना घेऊन नेहमीसारख्या घरात शिरल्या. एकच पुढे आली, काखेत पोर. तिनं मैनेच्या मानेवर हात फिरवला, ओठ वर करून आत पाहिलं.

"हिलाबी टोचलं ना?" तिनं विचारलं.

हो म्हटलं. राघो बाजारात सगळं सांगत सुटला होता.

"तवा तू रडलास, आसं आयकलं."

खोटं कशाला बोलू? रडलो, म्हटलं.

मग ती खाली बसली आणि पोराचा दंड उघडा केला.

"मंग टोच," म्हणाली.