दुपारच्या रकान्यातली सही

इथे उत्तरेत, आमच्या वृंदावन योजना वसाहतीतल्या सोसायटीच्या गेटवर गेल्या महिन्यात नवा गार्ड आला. मला बघताच त्याने कडक सॅल्यूट ठोकला. "साहब, पहचाना? रेगिस्तान वाला ट्रायल." मी लांबूनच ओळखलं होतं. "अच्छा, अच्छा" म्हणत सब्जीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि सटकलो.

तेव्हा मी क्षेपणास्त्रांच्या चाचण्या घेणारा अधिकारी होतो आणि तो फौजेत हवालदार, आमच्या रणगाडाविरोधी क्षेपणास्त्राचा सगळ्यात भरवशाचा नेमबाज. क्षेपणास्त्र मागे बारीक तार सोडत जायचं. ते आदळेपर्यंत नेमबाजाने दुर्बिणीतली फुली रणगाड्यावर धरून ठेवायची; त्या रेषेवर क्षेपणास्त्र आणायचं काम तारेतून यंत्र करायचं. मात्र दुर्बीण आणि यंत्र नेमकी जुळलेली हवीत. वाळवंटात ऊन चढलं की ती जुळणी सरकते, म्हणून सकाळी केलेली दुपारी पुन्हा करायची. हा नियम मीच शिकवत असे. त्या ट्रायलच्या दिवशी बडे साहेब लवकर आले. मी तपासणीच्या कागदावर दुपारच्या रकान्यात नुसती सही ठोकली आणि त्यांच्या पुढे-पुढे करायला धावलो. हवालदाराने सोडलेलं क्षेपणास्त्र रणगाड्याच्या डावीकडून निघून गेलं.

सगळे पांगल्यावर मी गुपचूप तपासलं. जुळणी सरकलेलीच होती. तरी अहवालात लिहिलं, 'ऑपरेटर एरर', म्हणजे चूक नेमबाजाची. माझं प्रमोशन तोंडावर होतं, दुसरं कारण नाही. ते मिळालंही. त्याला पुन्हा कधी चाचणीला बोलावलं नाही.

परवा नातीला स्कूल बसपर्यंत सोडायला निघालो, तर ती गेटवर थांबली. आमच्या घरात मी मराठीत बोलतो आणि ती हिंदीत उत्तर देते; गार्डशी तर तिचं चांगलंच जमलंय. "अंकल, आपने सच में मिसाइल चलाई है?"

"बहुत, बिटिया. एक चूक गई. हाथ हिल गया था मेरा." मग माझ्याकडे बघत म्हणाला, "साहब ने तब भी डाँटा नहीं. घर जाकर मैं महीनों पानी से भरा गिलास पकड़कर खड़ा रहता था, कि हाथ सध जाए."

मला शरमेने मेल्यासारखं झालं. खरं सांगायला दोन वाक्यं पुरली असती.

त्याने नातीसमोर उजवा हात लांब धरला. "देखो, अब नहीं हिलता." खरंच तसूभरही हलत नव्हता. मी नातीला म्हटलं, "चल, बस येईल."