ओदीलची सीट

मादाम सोलांज द मार्व्हाल यांची हिंदी ऐकून नवखा माणूस आधी दचकायचा, मग खोकल्याचं निमित्त करून हसायचा. ती भाषा त्यांनी मालवणच्या बाळाराम मेकॅनिककडून उचलली होती. ‘र’ घशात अडकलेला, ‘ह’ गायब, मध्येच मालवणी, मध्येच अरबी. "बालागाम! पाना खंय आसा? यल्ला, यल्ला!" सौदी अरेबियातल्या हाइल गावालाही त्या ‘आइल’ म्हणत. त्यांच्या फिरत्या दवाखान्यातली साताऱ्याची नर्स संपदा होस्टेलवर ही नक्कल करायची, तेव्हा पोरी उशीत तोंड खुपसून हसायच्या.

मादाम खऱ्या कोंतेस, सरदारघराण्यातल्या. फ्रान्सात वडिलांची गढी, जंगल, भिंतीवर पूर्वजांच्या तसबिरी. बघायला आलेल्या मुलाला त्या गाडीतून घाटात फिरवायला घेऊन गेल्या, तर तो मध्येच उतरून पायी परतला. पुढे त्या शर्यतींत उतरल्या. शेजारच्या सीटवर कायम ओदील, गढीच्या माळ्याची मुलगी. ओदीलनं रस्ता सांगायचा, मादामनी चालवायचं. मग हाइलजवळच्या नफूद वाळवंटातल्या रॅलीत गाडी उलटली. मादाम वाचल्या, ओदील गेली.

त्यांनी गढी विकली आणि हाइललाच राहिल्या. वाळवंटातल्या मेंढपाळांना फुकट औषधपाणी सुरू केलं. लोक म्हणत, केवढं मोठं मन! बाळारामचं मत वेगळं होतं.

"मन मोठा आसाच गो. पण ओदीलक हंय सोडून जावक तिका होयना."

दवाखान्याच्या गाडीत मादामच्या शेजारची सीट रिकामी असे, पट्टा मात्र लावलेला. संपदा पहिल्याच दिवशी तिथं बसायला गेली, तर बाळारामनं तिचा दंड धरला. "मागे बस. थंय ओदील बसता."

"काका, भुतं असली तर एसीत बसतील होय?"

बाळाराम हसला नाही. प्रत्येक वळणाच्या आधी मादाम त्या सीटकडे कान करत, ओठांत पुटपुटत: ‘द्रुआत’ म्हणजे उजवीकडे, ‘गोश’ म्हणजे डावीकडे, ‘दूसमाँ’ म्हणजे हळू. मग वळत. त्या पुटपुटण्यातला आवाज मादामचा नसायचा. तो बारीक आणि तुटक होता. संपदाला तोही हुबेहूब जमायचा, पण तो तिनं होस्टेलवर कधी काढला नाही.

त्या दुपारी मेंढपाळांच्या तळावर कादिरला साप चावला. सुदानचा तरुण पोरगा. औषध होतं ते हाइलच्या इस्पितळात. निम्म्या वाटेवर वाळूचं वादळ आलं आणि बॉनेटपुढचं दिसेनासं झालं. मादामनी गाडी थांबवली. समोरच्या जीपीएसच्या पडद्यावर वाट दिसत होती, पण त्यांच्या म्हाताऱ्या नजरेला ती बारीक रेघ ओळखू येत नव्हती. त्या सीटकडे कान लावून बसल्या. सीट गप्प होती.

मागे बाळारामच्या मांडीवर कादिरचा श्वास घरघरायला लागला. "मादाम, चला! पोरगो जाताहा!"

मादाम हलल्या नाहीत.

संपदा मधून पुढे सरकली. तिनं पट्ट्याचं बक्कल उघडलं आणि ओदीलच्या जागी बसली. सीट ऊबदार लागली. उन्हानं असेल, तिनं स्वतःला बजावलं. "मादाम, जरा उजवीकडे घेता का? पुढं वाट वळलेली दिसतेय…"

नर्सची आर्जवी भाषा तिथं पोचतच नव्हती.

संपदानं डोळे पडद्यावर रोवले आणि घशातून तो दुसरा आवाज काढला. "द्रुआत!"

मादामचा पाय दाबला गेला. गाडी उसळली.

"गोश! दूसमाँ! द्रुआत!"

मादाम आता तरुण पोरीसारख्या चालवत होत्या, न विचारता, न बघता. थोड्या वेळानं संपदाच्या लक्षात आलं. पडद्यावरची खूण वाचायच्या आधीच शब्द तोंडातून निघत होते, आणि बरोबर निघत होते.

इस्पितळाच्या दारात गाडी थांबली. बाळारामनं कादिरला उचललं. वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन धावले. जरा वेळानं बाळाराम परत येऊन ओरडला, "पोरगो वाचलो! डॉक्टर म्हणता, वाचलो!"

मादाम अजून स्टिअरिंग घट्ट धरून समोरच्या भिंतीकडे बघत होत्या. इंजिन चालूच होतं.

"पुढे, ओदील?"

प्रवास संपल्यावर ओदील काय म्हणायची, ते संपदाला ठाऊक नव्हतं. मादामच्या पुटपुटण्यात तो शब्द कधी आलाच नव्हता. तिनं वाट पाहिली, कदाचित आपोआप तोंडात येईल म्हणून. आला नाही.

मग तिनं हात पुढे करून किल्ली फिरवली आणि स्वतःच्या साध्या साताऱ्याच्या आवाजात म्हणाली, "पोचलो, मादाम. उतरा आता."

मादामनी वळून तिच्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच, नीट. मग त्या उतरल्या, गाडीला वळसा घालून संपदाच्या बाजूला आल्या आणि तिच्यासाठी दार उघडून, ती उतरल्यावरही, आणखी कोणीतरी उतरायचं असल्यासारखं, बराच वेळ तसंच धरून उभ्या राहिल्या.