पंच नंबर दोन

ती घटना मी कधीच विसरलो नव्हतो. तिच्यातला एक माणूस मात्र साफ विसरलो होतो. तो भेटला निवृत्तीनंतर, कतारमध्ये.

लेकीकडे अल गराफाला मुक्काम होता. खबर जावयानं दिली. "बाबा, आमच्या साइटवरचा एक ड्रायव्हर कॅम्पात सह्या गोळा करतोय. आपल्या विधानसभेनं फाशीची शिक्षाच रद्द करा असा ठराव करावा, म्हणून गावाकडं चळवळ आहे म्हणे. एचआरला कळलं तर खलास! तुम्ही पोलीस होतात ना, समजवा त्याला."

पोलीस निवृत्त होतो, त्याचं नाक होत नाही. शुक्रवारी दुपारी जावयानं मला बिरकत अल अवामेरच्या कामगार कॅम्पावर सोडलं. मेसमध्ये तो पन्नाशीचा ड्रायव्हर एका प्लंबरला कागद वाचून दाखवत होता. प्लंबरनं पेन काढलं, तर हा म्हणाला, "थांब की गड्या. आजून दोन वळी ऱ्हायल्यात." सगळं ऐकून प्लंबर सही न करताच उठला. यानं त्यालाही चहा पाजला.

मला नवल वाटलं. सह्या गोळा करणारे पुष्कळ पाहिलेत. सही कुठं करायची तेवढं बोटानं दाखवतात.

समोर बसून ठेवणीतले प्रश्न काढले. कागद कुणी पाठवला? मागे कोण आहे? खोटं बोलणारा भरभर उत्तरं देतो. हा प्रत्येक प्रश्नाला घोटभर सुलेमानी चहा पिऊन मगच बोलायचा.

"असा वाचत बसलास तर शंभर सह्यांना वर्ष जाईल."

"जाऊ दे की सायेब. एकदा न वाचता केलीया सही. त्यावर एका मानसाला फाशी लागली."

"कुठे केलीस?"

"तुमच्याच टेबलावर. मघाशीच वळखलं तुमास्नी. मी पंच नंबर दोन."

तिहेरी खुनाची केस. आरोपीनं विहिरीतून कोयता काढून दिला, तेव्हा ते पाहायला दोन पंच हवे होते. बाजारचा दिवस, कुणी येईना. संध्याकाळी ठाण्यासमोरच्या हॉटेलातून दोघांना बोलावलं आणि तयार पंचनाम्यावर सह्या घेतल्या. तेव्हा त्यात कुणाला काही वाटायचं नाही, मलाही वाटलं नाही. आरोपीला फाशीची शिक्षा झाली. त्या सह्यांना बारा वर्षं झाली, त्याचा दयेचा अर्ज अजून राज्यपालांकडे पडून होता.

"कोयता खरा होता," मी चिडून म्हणालो. "माझ्यादेखत काढला त्यानं."

"आसंल. पर म्या न्हाई बघितला. कोर्टात इचारलं तवा व्हय म्हनलो. तुमी मागं हुबं व्हता."

मला लाज वाटली. अख्ख्या नोकरीत आरोपीपुढे मान खाली घातली नव्हती. त्या दिवशी साक्षीदारापुढे घातली.

कोरा कागद मागून घेतला. दयेच्या अर्जाला जोडण्यासाठी जबाब लिहिला: पंच जागेवर हजर नव्हते, सह्या मी ठाण्यात घेतल्या. यावरून माझ्यावरच गुन्हा दाखल होऊ शकतो, हे मला चांगलं ठाऊक होतं. सही करणार, तोच त्यानं कागदावर तळवा ठेवला.

"आदी वाचा. मोठ्यानं."

जेवणारी माणसं थांबली. मी अडखळत वाचलं आणि सही केली.

जावई विचारतो, "बाबा, मत बदललं का तुमचं?" तो आरोपी खुनी आहे, असं मला आजही वाटतं. पण माझी चूक कबूल करायला मला बारा वर्षं लागली, आणि तो अजून जिवंत होता म्हणून त्या कबुलीचा उपयोग तरी होता. पुढच्या शुक्रवारी मी पुन्हा कॅम्पावर गेलो आणि विधानसभेच्या कागदावरही सही केली. त्याआधी ड्रायव्हरनं तो मला पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवला.