मागच्या खोलीतला संगणक

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — घरात नाही, देवापुढेही नाही. आज मात्र सरळ लिहिणार आहे.

रत्नागिरीतल्या एका लहानशा कॉम्प्युटरच्या ऑफिसात मी झाडलोट आणि चहापाणी करते. शिक्षण चौथी. दापोलीची मुग्धा तिथे प्रोग्रॅम लिहायची. तिने मला एक काम शिकवलं होतं. प्रोग्रॅमच्या भाषेचं नवं व्हर्जन आलं की ती प्रोग्रॅम दुरुस्त करायची. मग तो जुन्या व्हर्जनांवरही चालतो का, हे मी वेगवेगळी व्हर्जनं असलेल्या तीन संगणकांवर बघायचं. बटण दाबायचं, थांबायचं. हिरवी ओळ आली तर ठीक, लाल आली तर तिला हाक मारायची.

"शब्द तेच राहतात गो काकू," ती म्हणायची, "पण आतली मांडणी हलते. फळीवरचे डबे कुणी बदलले, तर न बघता हात घालणाऱ्याला मिठाऐवजी साखर मिळेल ना? आपला प्रोग्रॅम तसाच आत हात घालतो."

मला कळलं होतं. पुढे जे झालं, ते न कळल्यामुळे झालं नाही.

त्या दिवशी दोन ठिकाणी हिरवं आलं. मागच्या खोलीतल्या जुन्या संगणकावर मात्र हिरवं नाही, लाल नाही — इंग्रजीत एक लांब ओळ येऊन थांबली. विचारायला काय झालं होतं? पण मागे एकदा विचारलं तेव्हा ऑफिसातला एकजण म्हणाला होता, "काकू, तुम्ही बसा खुर्चीत, चहा आम्ही करतो!" सगळे हसले होते. मी संगणक बंद केला आणि मुग्धाला सांगितलं, "तिन्हीकडे हिरवं."

बंदराजवळच्या मासळीच्या एका शीतगृहात तसाच जुना संगणक होता. थंडावा कमी झाला की भोंगा वाजवायचा, हे आमच्या प्रोग्रॅमचं काम. नवा प्रोग्रॅम तिथे घातला आणि भोंगा वाजलाच नाही. सकाळी दार उघडलं तर सुरमई, पापलेट — सगळं नासलेलं.

"जुन्यावर तपासलं होतंस?" आमच्या साहेबांनी मुग्धाला सगळ्यांसमोर विचारलं.

ती "हो" म्हणाली. माझं नाव घेतलं नाही. मी ट्रे घेऊन दारातच होते. एक वाक्य पुरलं असतं — मी कप गोळा केले.

तिला काढलं. आता ती दापोलीत एका दुकानात बसते. प्रोग्रॅम लिहायची हिंमत होत नाही म्हणे.

काढलं त्या दिवशी जाताना रिक्षा थांबवून ती परत आत आली होती. माझा हात धरून म्हणाली, "काकू, तुमचं हिरवं कधी चुकत नाही. माझ्याच लिहिण्यात काहीतरी राहिलं असेल."

आणि मी म्हटलं, "असेल गो बाय."