रुमालाखालचा हात

मी पास्टरला फसवायला गेलो आणि फसवून आलो माझ्या सख्ख्या बहिणीला. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढचं वाचून कुणी मला भाविक समजणार नाही.

इथले अनुभव मी वाचत असतो आणि बहुतेक वेळा हसतो. भूत, भानामती, देव अंगात येणं... मला यातलं काहीच कधी पटलं नाही. मी म्हशींचा व्यापारी. आमच्याकडे हेडी म्हणतात, आणि तो शब्द कौतुकानं कुणी वापरत नाही. एका म्हशीवर सुरुवात केली, आज उचगावच्या पुढं स्वतःचा गोठा आणि घर आहे. समोरच्यानं माल चांगला आहे म्हटलं की मी आधी खोट शोधतो. त्या सवयीवरच वर आलो.

आक्का माझी थोरली बहीण. आई लवकर गेली, मला वाढवलं आक्कानं. भावजी वारल्यावर मी तिला कोडोलीहून घरी आणली. दोनेक वर्षांपूर्वी ती माझ्याच गाडीवरून पडली आणि उजवा हात कोपराखाली मोडला. प्लास्टर काढलं तेव्हा पाचही बोटं तळव्यात मिटलेली. शेक झाले, मालिश झालं, व्यायाम झाले, मूठ काही उघडेना. शेवटी डॉक्टर म्हणाले, "आता आहे हे असंच राहील." भाकरी थापायची बंद झाली. नखं तळव्यात रुतायची म्हणून माझी बायको ती बोटं जोर लावून उचलायची आणि नखं कापायची. आक्का तेव्हा भिंतीकडं बघत बसायची.

शेजारच्या मार्थाबाई तिला कळंब्याच्या बाजूला एका प्रार्थनेला घेऊन जायला लागल्या. पत्र्याचा हॉल, दर रविवारी सकाळी. भावकीत कुजबुज झाली. मी म्हटलं, "तिचं ती बघंल, तुमी तुमच्या म्हशी बघा." गाणी म्हणून येते, हसून येते, माझं काय जातंय?

पण एका रविवारी ती रडत आली.

"काय झालं?"

"काय न्हाय."

"काय न्हाय तर रडतीस कशाला?"

"पास्टर म्हटले, घरात कुनीतरी शंका धरून बसलंय. त्यानं अडलंय."

"म्हंजे माझ्यामुळं व्हय?"

"तुजं नाव न्हाय घेतलं त्यांनी."

"मग कुणाचं, म्हशीचं?"

ती आत निघून गेली. माझं डोकं फिरलं. डॉक्टरनं हात टेकले, ह्यांना गुण आणता येईना, आणि खापर फोडायचं माझ्या डोक्यावर? तिथंच मी ठरवलं. पुढच्या रविवारी जायचं. उजवा हात बधिर झालाय म्हणून सांगायचं. त्यांनी प्रार्थना करायची, हात बरा झाला म्हणून जाहीर करायचं, साक्ष द्यायला माझ्यासमोर माइक धरायचा... आणि मी माइकवर सांगायचं की हाताला काही झालंच नव्हतं. धडधाकट हात ओळखता येत नाही आणि निघालेत लोकांना बरं करायला!

आक्काला म्हटलं, "मी बी येतो. माझाबी हात दोन दिवस बधिर झालाय." तिचा चेहरा असा उजळला की तिथंच थांबायला हवं होतं. नाही थांबलो.

हॉलमध्ये बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला. मी पुरुषांच्या पहिल्या ओळीत कडेच्या खुर्चीवर होतो. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूची खुर्ची रिकामी. पास्टर पस्तिशीचे, बारीक, घसा बसलेला. कुठला हात, एवढंच त्यांनी विचारलं. मग प्रार्थना केलेला एक पांढरा रुमाल माझ्या मांडीवरच्या हातावर पसरला आणि दोन्ही तळवे माझ्या डोक्यावर ठेवले. दोन्ही. मला त्यांची दहाही बोटं केसांत जाणवत होती. मी डोळे मिटले आणि मनात माइकवरचं भाषण जुळवत बसलो.

इथं आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगावी लागेल. जनावरांच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकतात आणि खाली बोटं धरून सौदा करतात. समोरच्यानं तुमची पाच बोटं धरली की त्याचा आकडा पाच. तुम्हाला तीन परवडत असेल तर तुम्ही त्याची तीन धरायची. मग तो चारावर येतो, अशी घासाघीस चालते. जमलं की हात दाबून सोडायचा. बघणाऱ्याला काही कळत नाही.

रुमालाखाली कुणीतरी माझा हात धरला.

पाचही बोटं, पूर्ण. घट्टे पडलेला, कामाचा हात होता. थंड नाही, गरमही नाही, दुसऱ्या माणसाचा असतो तसा. पास्टरचे दोन्ही तळवे माझ्या डोक्यावरच होते. आणि मी... हे लिहिताना माझी मान वर होत नाही... मी घाबरलो नाही. विचारच केला नाही. तीस वर्षांची सवय. कुणी पाच म्हटलं की माझा हात आपोआप तिनावर जातो. मी त्या हाताची तीन बोटं धरली.

तो हात थांबला. बाजारात अशा वेळी समोरचा चार धरतो. त्यानं नाही धरली. थोडा वेळ तसाच राहिला, जणू मी बदलतोय का बघत होता. मग माझा हात हळू दाबला आणि सोडला.

सौदा झाला.

त्याच क्षणी बायकांच्या बाजूनं आक्काची किंकाळी आली.

मी डोळे उघडले, रुमाल उचलला. खाली माझा एकट्याचा हात. तिकडं बायका आक्काभोवती गोळा झालेल्या, आणि ती हात वर धरून "उघडलं, उघडलं" करत होती. पास्टरनी माझ्यासमोर माइक धरला. जुळवलेलं सगळं भाषण तोंडाशी होतं. आक्का माझ्याकडं बघत होती.

मी म्हटलं, "बरा झाला हात."

टाळ्या. कुणीतरी मला मिठी मारली. पास्टर म्हणाले, "भाऊ, तुमच्या विश्वासानं आज बहिणीलाबी मिळालं."

परत येताना आक्कानं गाडीत हात माझ्यासमोर धरला. अंगठा आणि पहिली दोन बोटं सरळ, हलती. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तळव्यात मिटलेलं, जसं होतं तसं. मी गाडी कडेला घेतली.

"काय झालं रं?"

"काय न्हाय. ऊन लागलं."

पुन्हा डॉक्टरकडं नेलं. ते म्हणाले, त्या दोन बोटांची नस वेगळी असते, बाकीची कधीकधी उशिरा सुटतात. असेल. मला पटवून घ्यायचं होतं, मी पटवूनही घेतलं. पण माझा हात कुणी धरला, हे त्यांना विचारायचं धाडस झालं नाही. घरी येईपर्यंत मला कळलेलं होतं... रुमालाखाली माझ्याकडं आजवर प्रत्येकानं मागितलंच. हा हात मागत नव्हता, देत होता. पाच देत होता. आणि मी भाव पाडला.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी गप्प बसलो असतो. पण आक्का आता उपास धरते. सकाळी तीन बोटांवर भाकरी थापते, एका कडेला जाड होते ती, आणि थापता थापता पुटपुटते, "दोन माझ्या शंकेनं ऱ्हायली." मला शंकेखोर ठरवलं तेव्हा मी पेटलो होतो. आता ती स्वतःला ठरवतेय आणि मी तिच्या हातची भाकरी खातोय.

एकदा सांगायला गेलो. "आक्का, त्या दिवशी माझा हात..."

"गप्प बस!" तिनं तीन बोटं माझ्या तोंडावर ठेवली. "शंका काढू नगंस परत. हायत ती तीन बी जातील."

आणि जातीलही, कुणी सांगावं? माझं खोटं कळलं आणि मूठ परत मिटली तर?

त्यानंतर मी तीन रविवार गेलो. त्याच खुर्चीवर बसलो. पास्टरना म्हटलं, रुमाल टाका. त्यांनी टाकला, प्रार्थना केली, घसा बसेपर्यंत केली. मी पाचही बोटं पसरून बसलो. अख्खा गोठा मागितला असता तरी हो म्हटलं असतं. खाली कुणी आलं नाही. पास्टर हळूच म्हणाले, "भाऊ, विश्वास ठेवा." मी त्यांच्यावर ओरडलो, सगळ्यांसमोर. त्यांचा यात काय दोष, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

कुणाकडे याचं स्पष्टीकरण असेल तर लिहा. माझ्याकडे नाही. आणि ज्यानं माझा हात धरला तो कुणीही असो, त्याला मला एकच विचारायचं आहे. माल कुणाचा आहे हे न सांगता सौदा पक्का कसा केलास? बाजारात असं केलं असतंस तर चार लोकांत उभा केला असता तुला. माझ्याकडे येऊ नकोस. माझ्या घरी ये, चुलीपाशी ती बसलेली असते, आणि तिला तोंडानं सांग की ती दोन बोटं कुणी सोडली.