बिनकडीचं दार

आधीच कबूल करते. इथे येणाऱ्या अनुभवांखाली खवचट कमेंट टाकणारी बाई ती मीच. "मांजर असेल", "झोप पूर्ण करा", "पुढच्या वेळी टॉर्च न्या"... भूत, भानामती, अंगात येणं, या सगळ्यावर माझं एकच मत होतं: बायकांना घरात बसवायला काढलेल्या गोष्टी. ते मत अजूनही फारसं बदललेलं नाही. म्हणूनच हे लिहायला इतके दिवस टाळाटाळ केली.

मी बनशंकरीला राहते. घर मूळचं निपाणीचं, बाबांच्या कारखान्यातल्या नोकरीमुळे आम्ही बेंगळुरूचेच झालो. आम्हा मैत्रिणींचा एक गट आहे. बायकांनी एकटीनं फिरावं, बाइकवर, बसनं, कसंही, म्हणून आम्ही पत्रकं काढतो, वाटतो आणि गरज पडेल तिथे भांडतो. लोकांना वाटतं एकट्या बाईला अडवतात ते अंधार, जंगल, गुंड. नाही हो! अडवतो तो संडास. दिवसभर घोटभर पाण्यावर गाडी हाणणाऱ्या पोरी मी बघितल्यात. घरी आल्यावर इन्फेक्शननं तापतात आणि वर सांगतात, "ट्रिप मस्त झाली!"

तर... गेल्या उन्हाळ्यातला रविवार. भर दुपार. मी एकटीच बाइकवर बनशंकरीहून बन्नेरघट्टा, जिगणी करत आनेकलकडे निघालेले. वाटेत पोटात कळ आली आणि कळलं, पाळी आलीय. आनेकलच्या अलीकडे एक बऱ्यापैकी मोठं हॉटेल दिसलं. बाहेर गाड्यांची रांग, आत डोशांचा वास. काउंटरवर मॅनेजर होता, कपाळाला गंध, इस्त्रीचा शर्ट.

"लेडीज टॉयलेट?"

त्यानं आधी माझ्या हेल्मेटकडे पाहिलं, मग माझ्या मागे. "ओब्बरेना मेडम? जोतेगे यारू इल्वा?" एकट्याच का, सोबत कोणी नाही? हा प्रश्न मला चहा मागितला तरी विचारतात.

"नाही. चावी द्या."

चावी देताना हसून म्हणाला, कडी तुटलीय, पण परवागिल्ल, काही हरकत नाही, तिकडे कोणी येत नाही.

संडास मागच्या अंगणात होता. तीन बाजूंनी उंच भिंत, जायला-यायला स्वयंपाकघराशेजारून एकच बोळ. कुलूप काढलं आणि वासानं डोळ्यांत पाणी आलं. खिडकीच्या गजांत कोंबलेले जुने पॅड. जमिनीवर पिवळं पाणी. भिंतीवर पानाच्या पिचकाऱ्या, म्हणजे लेडीज टॉयलेट वापरत कोण होतं ते कळलंच. आणि कोपऱ्यात कांद्याच्या गोण्या! हो, समोर डोशात घालून खायला देतात ते कांदे. खालची गोणी कुजून तिचा रस त्या पाण्यात उतरत होता. मला ओकारी आली, ती गिळली, कारण ओकायलाही कोरडी जागा नव्हती.

दार बाहेरच्या बाजूला उघडणारं. कडीच्या जागी नुसती भोकं आणि आतून ओढून धरायला एक सुतळी. बायकांना माहीत आहे, अशा वेळी मैत्रीण दाराशी उभी राहते. "जा तू, मी आहे." एकटीनं फिरणारीला ही चैन नसते. सुतळी दातात धरली (शी! आठवलं तरी अंगावर काटा येतो), रायडिंग पँट गुडघ्यापर्यंत, दोन्ही हात कामात. आणि सुतळी तुटली.

दार करकरत उघडायला लागलं. मला धड उठताही येईना. आणि तेवढ्यात ते परत लागलं. धप्पदिशी. वाऱ्यानं नाही, बाहेरून कोणीतरी पाठ टेकल्यासारखं.

"कर गं तुझं निवांत. मी हाय की."

बाईचा आवाज. जाडसर. आणि मराठी! तेही आमच्या निपाणीकडचं, माझ्या आत्याचं असतं तसं. त्या घाणीत मला एवढं बरं वाटलं की हे मराठी आनेकलच्या रस्त्यावर आलं कुठून, हे डोक्यातच आलं नाही. "थँक्यू हं अक्का," म्हणाले.

दाराखाली वीतभर फट होती. त्यातून हिरव्या लुगड्याचा ओला काठ आणि दोन टाचा दिसत होत्या, भेगाळलेल्या. आता तुम्ही म्हणाल, पाय उलटे! नाही. दाराला पाठ लावून उभ्या असलेल्या कुठल्याही बाईच्या टाचा आतच दिसणार.

मग चपला वाजल्या. पुरुषाच्या चपला, तिच्या टाचांच्या पलीकडे येऊन थांबल्या, बोटं माझ्या दिशेला. मधे ती. दाराची मूठ ओढल्याचा आवाज आला. एकदा. मग जोरात. दार हललं नाही. त्यानं दोन्ही हातांनी हिसडा दिला, बिजागऱ्या किरकिरल्या, दार हललं नाही.

"ओळगे हेंगसु इद्दाळे. काणसल्वा?" आत बाई आहे, दिसत नाही? तोच आवाज, आता कानडीत आणि धार लावलेला.

मी कसंबसं आवरलं. दार ढकललं तर उघडेना. "अक्का, झालं माझं, सोडा." अंगावरचं ओझं उतरावं तसं दार हलकं झालं.

बाहेर मॅनेजर. गंध घामानं ओघळलेलं. दुसरं कोणी नाही. बोळाच्या तोंडाशी तोच उभा, त्याला ओलांडल्याशिवाय कोणी जाऊच शकत नव्हतं.

"आत आणखी कोण आहे?" त्यानं विचारलं.

"आत? ती इथे बाहेर उभी होती, तुमच्या समोर!"

"समोर कोणी नव्हतं मेडम. आवाज आतून आला."

"आणि तुम्ही इकडे कशाला आलात? चावी तुम्हीच दिलीत ना मला?"

"कांदा... कांद्याची गोणी..."

कांदा म्हणे! एकटी आहे याची खात्री करून घेतलीस, कडी नाही हे स्वतः सांगितलंस, आणि मग तुला कांदा आठवला? मी भर हॉटेलात ओरडून हेच विचारलं. डोसे खाणाऱ्या कुटुंबांनी माना खाली घातल्या. एक काका म्हणाले, "स्वल्प हळू बोला, मुलं आहेत." कोणालाही त्याची किळस आली नाही. माझ्या आवाजाची आली.

कोरमंगलाच्या पीजीत राहणारी माझी मैत्रीण शिल्पा, मूळची पुण्याची. तिला सगळं सांगितलं तर हसली. "अगं, भूतसुद्धा आपल्या गटातलं निघालं!"

"गप गं. कडी विकत घे आणि ड्रिल आण."

पुढच्या रविवारी दोघी गेलो. त्या दाराला झेंडूचा हार, हळदीकुंकवाचे पट्टे, उंबऱ्याशी लिंबं आणि उदबत्त्या. त्या वासाच्या वर उदबत्ती... दोन्ही मिळून काय होतं ते लिहवत नाही.

"अम्मा आहेत मेडम," मॅनेजर हात जोडून म्हणाला. "त्या दिवसापासून दार उघडतच नाही. आम्ही पूजा लावली."

"आणि बायका कुठे जातात?"

त्यानं मागच्या शेताकडे बोट केलं.

मला वाटलं, माझ्या डोक्याची शीर फुटणार. संडासाला हार घातला! लिंबं आणली, कुंकू आणलं, भटजीसुद्धा आणला असेल. एक कडी आणवली नाही? गजातले पॅड तसेच!

शिल्पा हळूच म्हणाली, "राहू दे ना. निदान हा आता इकडे फिरकत नाही. भीतीनं काम होतंय."

"कोणाचं? बाया उघड्यावर बसतायत. आणि हा दर्शन घेतोय."

तिनं मूठ धरून ओढलं. खरंच हलेना. दोघींनी ओढलं. नाही. मॅनेजर म्हणाला, "तुम्हीच विचारा. तुमच्याशी बोलल्या त्या."

अंधश्रद्धेविरुद्ध पत्रक लिहिलेली बाई मी, हार घातलेल्या संडासासमोर उभी. कानशिलं तापली होती. शेवटी खाकरले आणि पुटपुटले, "अक्का, जरा सरा की. कडी बसवायचीय."

दार इतकं सहज आलं की मूठ धरलेली शिल्पा मागे जाऊन आपटली.

हार मी स्वतः काढला. गोण्या मॅनेजरला उचलायला लावल्या, फरशीही त्यालाच धुवायला लावली. मी समोर हात बांधून उभी राहिले. चांगली जाडजूड लोखंडी कडी बसवली. मग शिल्पा म्हणाली, "थांब, उद्घाटन मी करते," आणि आत गेली. कडी सरकल्याचा खणखणीत आवाज आला. मी सवयीनं दाराला पाठ लावून उभी राहिले. मॅनेजर केव्हाच बोळातून निघून गेला होता.

आतून शिल्पाचा वैतागलेला आवाज आला.

"अगं, कडी आहे ना आता! दोघी कशाला उभ्या राहिलात?"

मी शेजारी बघितलं. फरशी धुतलेली, ओली, रिकामी. शिल्पा बाहेर आली तेव्हा तिनंही बघितलं, मग दाराखालच्या फटीकडे बोट करून म्हणाली, "चार टाचा होत्या."

याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. ती कोण, निपाणीकडची बाई त्या अंगणात कशी आली, तिच्या वेळी दाराशी कोणी उभं होतं की नव्हतं... विचारलं सगळीकडे, कोणाला काही माहीत नाही. खाली कमेंटमध्ये "मांजर असेल" लिहायचं तर लिहा, माझी हरकत नाही. ती जी कोणी आहे, तिनं आता तरी घरी जावं, एवढंच मला वाटतं. दार धरायचं काम तिचं नव्हतंच.