बेकरीच्या पायरीला लागलेलं पाणी

पुलाखालचं यंत्र नदीची पातळी मोजायचं, रेडिओवरून पूरनियंत्रण कक्षात कळवायचं आणि तिथून ती गावभरच्या मोबाईलवर जायची. या सगळ्या वाटेवर पहारा कक्षातल्या एका तंत्रज्ञाचा. एक दशांशसुद्धा मध्ये सांडू द्यायचा नाही, हा बाणा. कचेरीत त्याला 'सिग्नल' म्हणत. तो ते कौतुक समजे.

गेल्या पुरात त्याने भर दुपारी संदेश सोडला: 'नदीपातळी समुद्रसपाटीपासून ५४२.६ मीटर. नागरिकांनी नोंद घ्यावी.' नागरिकांनी नोंद घेतली. नदीकाठच्या त्याच्या मावशीने तर भाच्याचा मेसेज म्हणून शेजारणीला वाचूनही दाखवला. मग कुत्र्याला नेहमीसारखं जिन्याखाली बांधून ती वर डुलकी काढायला गेली. तिला गच्चीवरून नावेत उतरवलं. कुत्रा जिन्याखालीच राहिला.

चौकशी झाली. संदेश प्रत्येक मोबाईलवर अचूक पोहोचल्याचं सिद्ध झालं. साहेबांनी त्याची पाठ थोपटली. ती जागा त्याला अजून खुपते.

मावशीने एका शब्दाने दोष दिला नाही, आणि तीच पंचाईत झाली. "तुझा मेसेज वेळेवर आला हो," ती म्हणाली. "मला वाटलं, समुद्राचं काहीतरी असेल. आपल्याकडे कुठला आलाय समुद्र!"

जिन्याखाली साखळी तशीच होती. चहा न घेताच तो उठला.

उन्हाळ्यात सुट्टीच्या दिवशी तो मोजपट्टी घेऊन मावशीच्या गल्लीतली एकेक पायरी, कोपऱ्यावरच्या बेकरीचीसुद्धा, वाकून मोजत फिरत होता. लोकांना वाटलं, रस्तारुंदीकरण निघालं.

यंदा नदी चढली तेव्हा त्याने लिहिलं: 'पाणी बेकरीच्या पायरीला लागलंय. तासाभरात खालच्या गल्लीत शिरेल. जनावरं सोडा, आत्ताच शाळेच्या वरच्या मजल्यावर जा.'

"अरे, हा सरकारी संदेश आहे की शेजारणीची हाक?" साहेब म्हणाले. "मीटर कुठे गेले?"

"मीटर आपल्याकडे आहेत ना, साहेब," म्हणत त्याने बटण दाबलं.

तासाभराने मावशीचा फोन आला. मागे शाळेतला गलका. "आम्ही सगळे वर आलो रे. शेजारीण मांजरासकट."

"बरं झालं, मावशी."

"ऐक ना, यंदा मेसेज कुणी लिहिला? नवा माणूस घेतला वाटतं. त्याला म्हणावं, अगदी लगेच कळलं हो."

सिग्नलने पडद्यावरचा आपलाच संदेश पुन्हा एकदा वाचला.

"सांगतो," तो म्हणाला.